४६ च्या इंजिनला प्रॉप कुठला? सीझनभर वापरून झाल्यावर

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा प्रॉप, म्हणजे प्रोपेलर, कसा निवडायचा ते सांगतोय. इंजिन ४६ साइजचं (०.४६ घनइंच), म्हणजे साडेसात सीसीच्या आसपासचं, ग्लो (मिथेनॉलवर, ग्लो प्लगने चालणारं), टू स्ट्रोक. विमान साधं हाय-विंग ट्रेनर, म्हणजे पंख वरच्या बाजूला असलेलं शिकायचं विमान, पंख पाच फुटी. भातकापणी झाल्यापासून मेअखेरपर्यंत मी ह्यावर १० बाय ७, ११ बाय ६, ११ बाय ५ आणि १२ बाय ४ असे प्रॉप आलटून पालटून लावले आणि शेवटी ११ बाय ५ विमानावर राहिला. घाईत असाल तर एवढंच वाचा आणि जा. बाकीच्यांना का ते सांगतो, कारण कुणालाही विचारलं की "४६ ना? ११ बाय ६ लाव" एवढंच उत्तर येतं, आणि ते चूक नाहीये पण अर्धवट आहे.

नवीन मंडळींसाठी पटकन. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे प्रॉप एका फेऱ्यात कागदोपत्री किती पुढे सरकेल ते. आरपीएम (मिनिटाला फेरे) गुणिले पिच भागिले ६५६ केलं की ताशी किलोमीटर मिळतात, म्हणजे ११ बाय ६ बारा हजारावर फिरला तर साधारण ११०. विमान प्रत्यक्षात त्याच्या आतबाहेरच उडतं पण तुलनेला हा हिशोब चांगला. आणि व्यास वाढवला तर इंजिनवरचा लोड फार झपाट्याने वाढतो, पिचपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून व्यास एक इंच वर नेला की पिच एक-दोन इंच खाली आणायचं असा जुन्या लोकांचा नियम आहे.

आरपीएम मोजायला ऑप्टिकल टॅको, म्हणजे उजेडाच्या लुकलुकण्यावरून फेरे मोजणारा मीटर, वापरला. त्याच्यावर विश्वास ठेवायच्या आधी बिल्डिंगच्या जिन्यातली जुनी चोकवाली ट्यूबलाइट कामाला आली. आपली लाइट ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, टॅको दोन ब्लेडवर ठेवून तिच्यासमोर धरला की बरोब्बर ३००० दाखवला पाहिजे. माझा दाखवतो. एलईडी ट्यूबसमोर हा प्रयोग करू नका, काहीही येतं. (शेजारच्या काकांनी विचारलं ट्यूबलाइटचं काय मोजतोस, सांगितलं, त्यांना पटलं नाही.)

आता प्रॉप. १० बाय ७ लावला तेव्हा आवाज असला मस्त की वाटलं हाच. साडेबारा हजार, म्हणजे कागदावर ताशी १३० च्या वर. पण ट्रेनरचा जाड पंख आणि उघडी चाकं हवेत एवढी अडतात की तो स्पीड विमानाला कधी मिळतच नाही, टेकऑफला धाव लांबते, वर चढताना जीव जातो, आणि खरी बोंब लँडिंगला. आयडलला (थ्रॉटल पूर्ण खाली असताना) समजा अडीच हजार आरपीएम आहे, तर ७ पिचचा प्रॉप अजून ताशी २७ च्या हिशोबाने पुढे ढकलतोय, तेच ४ पिचचा १५ ने. वाचायला फरक किरकोळ वाटतो पण आपली धावपट्टी म्हणजे कापणी झालेलं भातखाचर, दोन्ही टोकांना बांध. १० बाय ७ वर विमान खाली येतं, फूटभर उंचीवर तरंगत राहतं आणि बांध जवळ यायला लागला की परत थ्रॉटल देऊन वर घ्यावं लागतं. आयडल अजून खाली आणू म्हटलं तर छोटा हलका प्रॉप असल्याने इंजिन बंद पडतं, मोठा प्रॉप फ्लायव्हीलचं काम करतो ते इथे कळतं.

१२ बाय ४ त्याच्या अगदी उलट. साडेअकरा हजार, ताशी ७० चा हिशोब, पण खेच भन्नाट, विमान चार पावलांत उचलतं आणि थ्रॉटल काढला की ब्रेक लावल्यासारखं थांबतं. शिकणाऱ्याला हा प्रॉप फार सोपा जातो. तरी मी उतरवला, दोन कारणं. एक, प्रॉपच्या टोकाखाली अर्धा इंच जास्त जागा लागते आणि खाचरात पुढचं चाक ढेकळात बसलं की टोक मातीत. दुसरं, दुपारी समुद्राकडून वारा सुटला की विमान वाऱ्यात जागच्या जागी लटकतं, पुढे जायला पिचच नाही. सकाळी आठच्या आत उडवून घरी जाणार असाल तर बिनधास्त घ्या.

११ बाय ६ आणि ११ बाय ५ मधला फरक हवेत पटकन कळत नाही, उतरताना कळतो. ५ वर इंजिन मोकळं फिरतं, उन्हाळ्यात त्याचा फायदा जास्त. आपलं इंधन म्हणजे मिथेनॉल आणि एरंडेलचं, नायट्रोमिथेन नसलेलं मिश्रण, वर एप्रिलमधली दमट गरम हवा, निडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) तिथेच ठेवून डिसेंबरच्या सकाळपेक्षा काहीशे आरपीएम कमीच मिळतात. त्यात लोड कमी असलेला बरा, इंजिनचं डोकं कमी तापतं. पुण्याच्या मित्राचे आकडे माझ्याशी जुळत नाहीत, तो साडेपाचशे मीटर वर उडवतो, हवा पातळ, त्यामुळे तिकडचं ऐकून इकडे प्रॉप घेऊ नका. एकूण माझं मत असं झालंय की व्यास इंजिनला विचारून ठरवावा आणि पिच विमानाला आणि मैदानाला विचारून.

मटेरियलबद्दल. एपीसी कंपनीचे ग्लोवाले प्रॉप सगळ्यात कार्यक्षम वाटले, पण नवीन प्रॉपची मागची कड हात कापेल इतकी धारदार असते, आधी बारीक पॉलिशपेपर हलकासा फिरवा. मास्टर एअरस्क्रू कंपनीचा नायलॉनचा प्रॉप जाड, आरपीएम थोडे कमी, मार जास्त खातो. लाकडी प्रॉप बांधाला लागला की सरळ तुटतो, त्यामुळे क्रँकशाफ्ट वाचायची शक्यता जास्त, पण पावसाळ्यात कपाटात राहिला की मुंबईची हवा पितो आणि बॅलन्स बिघडतो, ऑक्टोबरात परत तपासावा लागतो. बॅलन्स सगळ्यांचाच तपासा, नव्याचाही. जड ब्लेड हलकं घासायचं, पण मुळाशी नाही. बॅलन्स नसलेल्या प्रॉपने टाकीत फेस होतो, इंजिन अचानक लीन होतं (इंधन कमी, हवा जास्त) आणि माणूस दोन तास निडल फिरवत बसतो.

प्रॉपचं मधलं भोक इंजिनच्या शाफ्टला लहान पडलं तर हातातल्या ड्रिलने मोठं करू नका, सेंटर जातं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला रीमर (भोक हळूहळू मोठं करायचं हत्यार) मिळतो, तो शांतपणे हाताने फिरवा. प्रॉपवरची अक्षरं पुढच्या बाजूला. नट आवळताना कम्प्रेशन लागतं तिथे ब्लेड आडवं येईल असं बसवा, मग डेडस्टिक, म्हणजे इंजिन बंद पडून, उतरलात तरी प्रॉप बहुतेक वाचतो.

एक गोष्ट मात्र मस्करीत घेऊ नका. ११ इंची प्रॉप बारा हजारावर असतो तेव्हा त्याचं टोक ताशी ६३० किलोमीटरने फिरत असतं. म्हणून बोटाने किक मारायची नाही, काठी किंवा स्टार्टर, निडल नेहमी प्रॉपच्या मागून फिरवायचा, आणि प्रॉपच्या रेषेत कुणी पोरगं मोबाईल घेऊन उभं असेल तर आधी त्याला हाकला. चिरा पडलेला प्रॉप फेकून द्या, फेविक्विकने जोडलेले मी मैदानावर बघितलेत, उगाच नाही सांगत. एपीसीच्या ग्लो प्रॉपची मर्यादा १,९०,००० भागिले व्यास, म्हणजे ११ इंचीला सतरा हजारच्या वर, आपण आरामात आत आहोत. पण त्यांच्याच स्लो फ्लायर ह्या इलेक्ट्रिक विमानांच्या प्रॉपची मर्यादा ६५,००० भागिले व्यास, म्हणजे सहा हजारसुद्धा नाही! स्वस्तात मिळतोय म्हणून तो इलेक्ट्रिकचा प्रॉप ग्लो इंजिनवर चढवू नका.

आणि हो, मैदान ठरवायच्या आधी डिजिटल स्काय ह्या सरकारी साइटवरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा बघा. मुंबईत तर विषयच सोडा, नवी मुंबईचं विमानतळ झाल्यापासून पनवेलच्या बाजूलाही आधी नकाशा, मग गाडी.

येत्या सीझनला ह्याच इंजिनवर लो-विंग विमान करतोय, पातळ पंखाचं. तेव्हा १० बाय ७ परत बाहेर काढणार, मैदान लांब मिळालं तर. ट्रेनरसाठी ११ बाय ५ चे दोन जास्तीचे आणून बॅलन्स करून ठेवलेत.