ट्रायल बाईकच्या पार्टसाठी ऑनलाईन दुकान: माल चोख, पॅकिंग ढिसाळ

ट्रायल बाईक, म्हणजे पाय न टेकवता खडक-ओंडक्यांवरून तोल सांभाळत न्यायची बाईक, घरीच खोलणाऱ्यांनी इथून बिनधास्त मागवा. मॉडेल आणि साल टाकलं की इंजिनचा सुटा सुटा डायग्राम उघडतो, हव्या त्या पार्टवर क्लिक केलं की नंबर हजर, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण मॉडेलचं नाव तेच राहतं पण साल बदललं की कधी कधी आतला पार्टच वेगळा निघतो.

मी क्लच प्लेटा, गॅस्केट (सांध्यातून तेल गळू नये म्हणून मध्ये बसवायचं पातळ पॅकिंग) आणि फोमचा एअर फिल्टर मागवला. प्लेटा एकदम ओरिजिनल, व्हर्नियरने जाडी मोजली तर मॅन्युअलमधल्या आकड्याला बरोब्बर. रात्रभर तेलात भिजवल्या, पेट्रोलचा कॉक बंद करून क्लचची बाजू वर येईल अशी बाईक आडवी केली (तेल काढायचा खटाटोपच वाचतो) आणि बसवल्या. आता लिव्हर दाबून गियर टाकला तरी बाईक जागची हलत नाही, ट्रायलमध्ये तेच तर पाहिजे ना!

कमी प्रेशरचा गेजही घेतला, ० ते १५ पीएसआयचा. मागच्या टायरमध्ये हवा जेमतेम ४-५ पीएसआय ठेवायची असते, तिथे गाडीच्या साध्या गेजचा काटा धड सांगतच नाही.

राग आला तो खोक्यात माल भरायच्या पद्धतीचा. गॅस्केटवर सोबत मागवलेलं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) तसंच टाकलेलं, कागदी गॅस्केटला घडी पडली. फोटो पाठवला तर दुसरी लगेच दिली, मान्य, पण एक पुठ्ठा घालायला काय जातं? चाकाचे स्पोक आणि निपल (स्पोक रिमला आवळायचे छोटे नट) त्यांच्याकडे मिळत नाहीत, ते दुसरीकडेच बघा.