सीलबंद खोका, आत अर्धी गाडी : जुनी मॉडेल किट विकत घेताना गोव्यात झालेली फसवणूक

म्हापसा, फोंडा आणि मडगाव इथल्या, सुट्या भागांच्या किटमधून गाड्यांची लहान मॉडेल बनवणाऱ्यांना एकाच विक्रेत्याने एकाच पद्धतीने गंडवलं. घरातला जुना संग्रह रिकामा करतोय, कायमचा परदेशी चाललोय, १/२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या) जपानी गाड्या आहेत आणि बहुतेक आता बाजारात मिळत नाहीत, असं तो सांगत असे. त्याचं नाव इथे देत नाही. नाव आणि नंबर त्याने एव्हाना बदललेही असतील. पद्धत मात्र तीच राहणार, म्हणून ती तपशिलात लिहीत आहोत.

सुरुवात रंगांपासून झाली. लॅकर रंगाच्या १० मिलीच्या चारसहा बाटल्या, एखादा सरफेसर (रंगाआधी द्यायचा लेप), एखादी फोटोएच पट्टी (धातूच्या पत्र्यात कोरलेले बारीक भाग). माल खरा, पॅकिंग नीट, पार्सल वेळेवर. दोनदा असं झालं की खरेदी करणारा स्वतःहून चौघांना सांगतो, माणूस बरा आहे. मग किटची यादी आली. भावही फुकटात दिल्यासारखा नव्हता, आणि खरी मेख तिथेच होती. तीन हजारांची किट आठशेला कुणी देऊ लागला तर सगळेच सावध होतात. अडीच हजारांना देऊ लागला तर वाटतं, चला, जकात वाचली. खेळणी आणि लहान मापाची मॉडेल जकातीच्या एकाच शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये येतात. तिथला दर २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेला आणि २०२३ साली ७० वर. तेव्हापासून इथल्या छंदवाल्यांचा ओढा ओळखीतून, जुन्या संग्रहातून घेण्याकडे वाढला. फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

अट एकच होती : चारपाच किट एकत्र घ्यायच्या आणि पूर्ण रक्कम आधी यूपीआयने पाठवायची. भेटून देतो म्हटलं की काहीतरी अडचण निघायची. आज पेडण्याला आहे, उद्या आई दवाखान्यात. आपलं राज्य पेडण्यापासून काणकोणापर्यंत केवढंसं. गोव्यात राहणारा विक्रेता पणजीच्या कदंब बसस्थानकावर अर्ध्या तासासाठी येऊ शकत नसेल, तर त्याच्याकडून घेऊ नये. एवढा एक नियम पाळला असता तरी पुढचं बहुतेक टळलं असतं.

पार्सलं आली. खोके कोरे करकरीत, पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेले. बऱ्याच जणांनी ते तसेच कपाटात ठेवले, कारण सीलबंद किट फोडायची कुणाला घाई नसते. हाच त्याचा हिशोब होता. पहिल्याने खोका उघडेपर्यंत बाकीच्यांचे पैसे जाऊन कित्येक आठवडे झाले होते.

आत काय होतं ते नीट सांगायला हवं. खोका रिकामा नव्हता. बॉडी होती, चॅसिस होता, राखाडी आणि काळ्या प्लास्टिकचे स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या चौकटी) होते, सूचनापत्रकही होतं. नव्हते ते काचांचा स्प्रू, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं), धातूची चिकटचिन्हं, क्रोमचा स्प्रू, पॉलीकॅप आणि टायर, म्हणजे नेमक्या ज्या वस्तू हाताने बनवता येत नाहीत किंवा सुट्या विकल्या तरी चांगला भाव देतात त्या. बंपर मोडला तर स्टायरीनच्या पत्र्यातून घडवता येतो. पुढची वक्र काच घडवायची तर लाकडाचा साचा कोरून पातळ पारदर्शक पत्रा तापवून ओढावा लागतो, आणि तरी दिव्यांच्या काचा राहतातच. पॉलीकॅप म्हणजे चाकाच्या आत बसणारी मऊ प्लास्टिकची बुचं, दिसायला क्षुल्लक. ती नसली तर चाक आसावर धरत नाही. दोन खोक्यांत तर बॉडी एका किटची आणि चॅसिस भलत्याच किटचा होता. हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) लावल्यावर कळतं.

तेव्हा माप घ्यायची सवय लावा. मूळ गाडीच्या दोन आसांमधलं अंतर मिलीमीटरमध्ये घ्या आणि मापाने भागा. निसान स्कायलाइन आर३४ जीटीआरचं ते अंतर २६६५ मिमी. १/२४ मध्ये ते १११ मिमी यायला हवं, १/२५ मध्ये १०६.६. जवळपास साडेचार मिलीमीटरचा फरक म्हणजे चाकं कमानीच्या मध्यावर बसणारच नाहीत. अमेरिकी किट बहुधा १/२५ च्या, जपानी १/२४ च्या. सुटे भाग एकत्र करून 'पूर्ण किट' बनवणारा इथेच सापडतो.

आता बाहेरच्या वेष्टनाबद्दल. ते पुरावा नाही, हे आधी मनातून पक्कं करा. गुंडाळायची फिल्म आणि गरम हवेचं यंत्र कुणीही विकत घेऊ शकतं, आणि काही कंपन्यांचे खोके मुळातच गुंडाळलेले येत नाहीत. पाहायची ती आतली पिशवी. कारखान्यात बंद झालेल्या पिशवीची शिवण सरळ आणि सारख्या रुंदीची असते. घरच्या सीलरने मारलेली रेघ बारीक, मध्येच चुरगळलेली, पिशवी मूळ मापापेक्षा आखूड झालेली. स्टेपल मारलेली पिशवी असेल तर पिन बघा. आपल्याकडे एका पावसाळ्यात पिनेला गंज धरतो. वीस वर्षांपूर्वीची किट गोव्यातच होती असं सांगतात आणि पीन चकचकीत आहे, तर पिशवी हल्लीच उघडलेली आहे. पिनेशेजारी जुनी रिकामी भोकं दिसली तर शंकाच उरत नाही.

टायरही बोलतात. किटमधले काळे टायर बहुधा व्हिनाइलचे असतात. त्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ वर्षानुवर्षं बाहेर झिरपतो आणि ज्या पॉलीस्टायरीनला (किटच्या प्लास्टिकला) टायर टेकलेला असेल ते वितळवतो. चांगल्या पॅकिंगमध्ये टायर म्हणूनच वेगळ्या पिशवीत असतात. ज्या एका खोक्यात टायर आणि काचा दोन्ही शिल्लक होत्या, त्यात ते एकाच पिशवीत कोंबलेले होते आणि मागच्या काचेवर टायरच्या नक्षीचा ठसा खोल उमटला होता. नुसता ओरखडा असता तर २००० च्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून, कंपाउंड लावून निघाला असता. वितळलेला खड्डा निघत नाही.

खोका आणि आतला कागद यांचं वय जुळतं का, तेही पाहा. पुठ्ठा कडक आणि सूचनापत्रक मात्र लाटा आलेलं, बुरशीचे ठिपके पडलेलं, असं असेल तर दोन्ही एका घरात राहिलेले नाहीत. स्प्रूची मोजणी सूचनापत्रकाच्या शेवटच्या पानावरच्या भागांच्या यादीवरून करा. टामिया या जपानी कंपनीच्या पत्रकात ती असते, सुट्या भागांचे क्रमांकही असतात. इथे एक सावधगिरी : ए नंतर थेट सी आला म्हणजे बी चोरला असं लगेच धरू नका. एकाच साच्यातून गाडीच्या दोन आवृत्त्या निघतात तेव्हा अक्षरं गाळलेली असतात. यादीत आहे आणि खोक्यात नाही, तेवढंच गहाळ. उगाच आरोप केला की खरी तक्रारही हलकी होते.

डेकल शिल्लक असले तरी हुरळून जाऊ नका. दमट हवेत राहिलेला डेकल पिवळा पडतो, तडकतो, वरच्या कागदाला चिकटून बसतो. नको असलेल्या एका लहान चिन्हाचा तुकडा कापून कोमट पाण्यात मिनिटभर ठेवा. अखंड सरकला तर पत्रा चांगला. तुकडे झाले तर उरलेल्या पत्र्यावर द्रव डेकल फिल्मचा किंवा ग्लॉस क्लिअरचा पातळ हात देऊन, पूर्ण वाळवून, मग प्रत्येक चिन्ह कडेने कापून वापरावं लागतं. पिवळा पडलेला पत्रा खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवल्यास पिवळेपणा कमी होतो. आपल्याकडे त्यासाठी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागतं.

त्याच विक्रेत्याने रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) बॉडीसाठीही आगाऊ रक्कम घेतली, आणि ही फसवणूक जास्त लागली. पोर्तुगीज काळात आलेल्या आणि पुढे कित्येक वर्षं गोव्यात टॅक्सी म्हणून धावलेल्या मर्सिडीज १८० डी, आणि त्यांच्याबरोबर ॲम्बेसेडर व पद्मिनी, या गाड्या इथल्या प्रत्येकाला आपल्या शेल्फवर हव्या असतात. लोकांनी पैसे दिले ते त्या ओढीने. आलेल्या बॉड्या दुसऱ्याच्या कामावरून चोरून पुन्हा ओतलेल्या होत्या. तयार बॉडी सिलिकॉनमध्ये बुडवून साचा काढला आणि त्यातून नवी ओतली की दर पिढीला माप थोडं आकसतं. दरवाज्यांच्या रेघा उथळ होतात, खिडकीच्या कोपऱ्यांत बुडबुडे राहतात, आणि सोबत दिलेली काच चौकटीत बसत नाही. ॲम्बेसेडर तर बाजारातल्या मागे ओढून सोडायच्या खेळण्यावरून घेतलेली निघाली : चाकांच्या कमानी फुगीर, खांब जाड, तळाशी स्क्रूची जागा बुजवल्याची खूण.

रेझिनची बॉडी घेण्याआधी विक्रेत्याकडून व्हर्नियर लावलेला फोटो मागा. १/२४ मध्ये आसांमधलं अंतर असं यायला हवं : मर्सिडीज १८० चे २६५० मिमी म्हणजे ११०.४, ॲम्बेसेडरचे २४६४ म्हणजे १०२.७, पद्मिनीचे २३४० म्हणजे ९७.५. अर्ध्या मिलीमीटरचा फरक चालतो, हाताने कोरलेल्या मूळ नमुन्यात तेवढा असतोच. दोन मिलीमीटर कमी असेल तर बॉडी पुनर्ओतणीची आहे किंवा मापच वेगळं आहे. आलेली बॉडी कामाला घ्यायचीच असेल तर भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासून साच्याचं तेल काढा, नाहीतर प्रायमर मास्किंग टेपबरोबर उचकटून येतो. बुडबुडे सायनोॲक्रिलेटने (सुपरग्लूने) भरा. रेझिन कोरडं घासू नका. पाण्यात घासा, मास्क लावा, ती भुकटी फुफ्फुसात जाते.

रंगांतही पुढे लबाडी झालीच. नंतरच्या खेपेत 'लॅकर थिनर' म्हणून आलेल्या बाटलीत हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर होतं. ते उघड्या पॉलीस्टायरीनवर पडलं की पृष्ठभागाला बारीक भेगा पडतात, आणि त्या रंगाखालूनही दिसतात. कोणतंही सुटं थिनर आधी रिकाम्या स्प्रूच्या तुकड्यावर थेंबभर टाकून पाहा. दहा मिनिटांनी चिकट किंवा पांढरट झालं तर बॉडीजवळ नेऊ नका. मात्र जुलैत एअरब्रश मारल्यावर रंगावर पांढरी साय आली तर तो दोष विक्रेत्याचा धरू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ तिथे बसते. रिटार्डर (थिनर हळू उडावं म्हणून मिसळायचं द्रव्य) घाला किंवा कोरड्या दिवसाची वाट पाहा. आणि स्प्रे कॅन 'आजच विमानाने पाठवतो' म्हणणारा खोटं बोलतोय. ज्वलनशील एरोसोल टपालाने विमानातून जात नाही.

माल अर्धा आहे हे कळून लोकांनी विचारणा केली तेव्हा दुसरा डाव आला. राहिलेले भाग जपानहून मागवले आहेत, पार्सल कस्टममध्ये अडकलं, जकातीचे अमुक रुपये या नंबरवर भरा. काहींनी भरलेही. जकात कधीही कुणाच्या खासगी यूपीआयवर भरली जात नाही. परदेशी टपालाची जकात पार्सल देताना टपाल खाते घेते, कुरिअरची असेल तर कंपनी रीतसर बिल देते. कस्टमच्या खऱ्या पत्रावर सहसा डीआयएन, म्हणजे पत्राचा ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर तपासता येतो. 'परतावा देतो, पिन टाका' असा निरोप आला तर तिथेच थांबा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.

एकाच्या बाबतीत पार्सल आलंच नाही, तरी ट्रॅकिंगवर 'पोचलं' दिसत होतं. युक्ती अशी की त्याच पिनकोडमधल्या भलत्याच पत्त्यावर एखादं पाकीट पाठवायचं आणि त्याचा क्रमांक द्यायचा. म्हणून नुसता क्रमांक घेऊ नका, टपालाच्या पावतीचा फोटो मागा. तीवर वजन छापलेलं असतं. चार किटचं पार्सल ५० ग्रॅमचं असूच शकत नाही.

फसवणूक लक्षात आली तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, त्याच तासात. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी गोठवता आली तरच परत येण्याची आशा असते. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार, आणि रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात अर्ज. सोबत व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, संपूर्ण संभाषण निर्यात करून, आणि पत्त्याच्या चिठ्ठीसकट बाहेरचा खोका. तो फेकू नका. 'अर्धा माल मिळालाय ना, मग हा दिवाणी वाद' असं ऐकायला मिळतं. तेव्हा जाहिरातीतला 'सीलबंद, पूर्ण' हा शब्दप्रयोग, पुन्हा मारलेल्या शिवणीचे फोटो आणि भागांच्या यादीवर खूण करून दाखवलेले गहाळ स्प्रू समोर ठेवा. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता हे त्यातून दिसतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ (४) साठी तेच लागतं. फसलेल्या सर्वांनी एकमेकांच्या तक्रारींचे क्रमांक अर्जात लिहावेत. एकट्याची रक्कम लहान दिसते.

खोका उघडतानाचा व्हिडिओ एका दमात घ्या. पत्त्याची चिठ्ठी, चारही बाजू, मग कापणं, मग प्रत्येक पिशवीची शिवण जवळून. मध्ये थांबवलेला व्हिडिओ समोरचा लगेच नाकारतो.

काढून घेतलेले काचांचे आणि क्रोमचे स्प्रू आता कुठेतरी सुटे विकायला येतील. आर३४ च्या काचा, डेकलचे न वापरलेले पत्रे, पॉलीकॅपची पाकिटं कुणी मोठ्या संख्येने, खोक्याशिवाय विकताना दिसलं, तर घेण्याआधी विक्रेत्याचा नंबर आणि फोटो जपून ठेवा आणि फसलेल्यांपैकी कुणालाही कळवा. गहाळ भागांची यादी किटच्या नावांसह प्रत्येकाकडे तयार आहे.