कार्बनच्या पैशाचं आमिष आणि आमचं मुखत्यारपत्र

तुमच्या मालकीचं किंवा सामायिक जंगल असेल आणि कुणी ‘झाडं तोडू नका, कार्बनचे पैसे मिळवून देतो’ (म्हणजे झाडं राखून कार्बन हवेत जाऊ न दिल्याबद्दल मिळणारे ‘क्रेडिट’ विकून आलेले पैसे) म्हणत दारात आला, तर सही करण्याआधी हे वाचा. आमची सगळी भावकी यात पोळली आहे.

निव्वळ थाप असती तर कुणी भुललं नसतं. कोस्टा रिकात 1997पासून सरकार जंगलमालकांना जंगल राखण्याचा मोबदला देतं आणि तो पैसा बराचसा इंधनावरच्या करातून येतो. एजंटाने हेच सांगितलं, आणि ते खरंच आहे. फक्त तिथे पैसा मालकाकडे येतो. इथे तो आमच्याच खिशातून निघाला: आधी नोंदणी शुल्क, मग मोजणी, मग म्हणे ‘उपग्रह तपासणी’.

मोजणीला दोन पोरं आली. वाटेलगतच्या झाडांना टेप गुंडाळला, कुठे पार बुंध्याशी, कुठे खांद्याच्या वर. फोटो काढले आणि निघाली; आत रानात पाऊलही टाकलं नाही. उभ्या झाडाचा घेर जमिनीपासून साधारण 1.3 मीटरवर मोजतात, ही या कामातली पहिली यत्ता. तरी लगेच सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं: इतके हजार क्रेडिट तुमच्या नावावर!

एक क्रेडिट म्हणजे हवेत जाऊ न दिलेला किंवा हवेतून शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. नुसतं झाड उभं आहे म्हणून ते मिळत नाही. प्रकल्प नसता तर जंगल तुटलं असतं हे दाखवावं लागतं, त्रयस्थ संस्था तपासते आणि मगच क्रेडिट निघतात. यात वर्षं जातात. क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या मोठ्या संस्थांच्या संकेतस्थळावर प्रकल्पांची कागदपत्रं कुणालाही फुकट पाहता येतात. आमच्या प्रकल्पाचा क्रमांक तिथे कुठेच सापडला नाही.

शुल्क बुडालं ते एक वेळ सोडा. खरी मेख एजंटाला सही करून दिलेल्या मुखत्यारपत्रात होती. मसुदा इंग्रजीत, तोंडी ‘फक्त कार्बनपुरतं’, आत मात्र जमीन तारण ठेवण्याचा अधिकार, वर करार गुप्त ठेवण्याची अट. म्हणजे वकिलालाही दाखवायचा नाही! 2011 मध्ये पेरू देशातल्या मात्सेस आदिवासींपुढेही असाच इंग्रजी करार ठेवला होता. त्यांनी तो धुडकावला.

मुखत्यारपत्र आम्ही रद्द केलंय, तक्रारही दिलीय. मधल्या काळात जमिनीवर बोजा चढवला का, ते वकील तपासताहेत. एजंटाचा फोन बंद आहे. दुसऱ्या कंपनीच्या नावाने तो नवीन जंगलमालक गाठतोय, असं कानावर आलंय.