चार बोटं बर्फ समोर, आणि म्हणे गॅस गेला!

5,399 रुपयांना फसले. आकडा आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

इंदिरानगरमध्ये राहतो, फ्रीज साधा सिंगल डोअर. फ्रीजरमध्ये चार बोटं बर्फ चढलेला, मटारच्या पिशवीचा नुसता कोपरा दिसत होता. नेटवर कंपनीचं नाव टाकलं, पहिलाच नंबर लावला. 'डीफ्रॉस्ट आणि क्लीनिंग फक्त 299.' कंपनीचा टी-शर्ट घातलेला पोरगा आला, मागे हात लावून म्हणाला, "ताई, गॅस गेलाय."

इथेच ओळखायला हवं होतं! अहो, फ्रीज गार करतो तो गॅसच, तो गेला तर फ्रीजर बर्फ धरेल कसा? थोडा उरला असेल तर एखाद्या कोपऱ्यात धरतो, इथे तर भिंतीच दिसत नव्हत्या. पण एप्रिलचं ऊन, सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, अशा वेळी कोणाला सुचतं? तुम्हालाही सुचलं नसतं.

गॅस 2,800. 'डीफ्रॉस्ट सेन्सर' 1,450. केमिकल क्लीनिंग 850. वर ते 299. असल्या फ्रीजला सेन्सर नसतोच हो! थर्मोस्टॅटच्या मधोमध बटण असतं, ते दाबलं की कॉम्प्रेसर थांबतो, बर्फ वितळतो. गॅस भरायच्या आधी व्हॅक्यूम पंप लावतात, मग वजनावर मोजून भरतात. याच्याकडे पाठीवरची एक सॅक. मागे बसून फुस्स केलं, झालं. बदललेला पार्ट हातात मागून घ्या, हा तो घेऊनच गेला. नवीन फ्रीजमध्ये बहुतेक आर-600ए गॅस असतो, तो पेट घेतो. कॉम्प्रेसरवरचं लेबल वाचा, भलत्याला हात लावू देऊ नका.

वर बर्फ खरवडला स्क्रूड्रायव्हरने. दुसऱ्या दिवशी फ्रीज गार होईना. सिडकोतल्या मेकॅनिकने फ्रीजरच्या पत्र्याला पडलेलं टाचणीएवढं भोक दाखवलं. म्हणजे गॅस आता खरंच गेला! मूळ दुखणं होतं दाराचं रबर. कागद दारात धरून ओढा, सुळकन निघाला तर रबर सैल, दमट हवा आत जाते आणि बर्फ चढतो. नवीन रबर 650 रुपये!

कंपनी म्हणते तो नंबर आमचा नाही. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलीस ठाण्यात म्हणाले ऑनलाइन पैसे गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले माणूस घरी आला होता ना, मग ठाण्यात जा. परत ठाण्यात. "ओटीपी दिला होता का?" नाही. "मग फसवणूक कसली, काम करून घेतलंत की!" शेजारचा हवालदार हसला. बिल आहे का, विचारतात. चोर बिल देतो का? अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर साहेब नाहीत.

नंबर वॉरंटी कार्डावरूनच घ्या, नेटवरून नाही. पैसे गेल्यागेल्या सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. मी तक्रार टाकतेय.