पगच्या फुफ्फुसाचा सीटी स्कॅन: पुण्यातील एका तपासणी केंद्राविषयी

आमच्या तरुण पग जातीच्या कुत्र्याची धाप प्रतिजैविकांनी कमी होईना, आणि एक्स-रेमध्ये डाव्या फुफ्फुसाचा पुढचा भाग पांढरा दिसत असूनही तो न्यूमोनिया आहे की आणखी काही, हे ठरत नव्हते; म्हणून आमच्या पशुवैद्यांनी पुण्यातील एका खासगी केंद्रात सीटी स्कॅन करून घेण्यास सांगितले. त्यांना शंका होती ती फुफ्फुसाच्या खंडाला, म्हणजे फुफ्फुस ज्या वेगवेगळ्या भागांचे बनते त्यांपैकी एकाला, पीळ बसल्याची. हा आजार विरळा आहे. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत बहुधा उजवा मधला खंड पिळतो, पगमध्ये मात्र डावा पुढचा.

केंद्राची खरी जमेची बाजू म्हणजे तेथील भूलतज्ज्ञ. आखूड नाकाच्या कुत्र्याला भूल देणे जोखमीचे असते, त्यामुळे तो पुरता शुद्धीवर येईपर्यंत त्यांनी श्वासनलिकेतील नळी काढली नाही. कुशीवर पडून राहिल्यास खालचे फुफ्फुस दबून निरोगी भागही आजारी भासू शकतो, म्हणून त्याला पोटावर निजवले होते, आणि प्रतिमा घेताना श्वास क्षणभर रोखून धरल्याने चित्रे स्वच्छ आली.

अहवाल तर नमुनेदार होता. त्या खंडाकडे जाणारी श्वासनलिकेची शाखा मुळाशीच एकाएकी संपते, खंड फुगलेला असून त्यात हवेचे बारीक बुडबुडे विखुरलेले आहेत, आणि शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (रक्त पोहोचते तो भाग चित्रात उजळवणारे द्रव्य) दिल्यावर शेजारचे खंड उजळले तरी हा उजळत नाही, असे त्यात कारणांसह लिहिले होते. न्यूमोनिया झालेला खंड बहुधा उजळतो. येथे रक्तपुरवठाच तुटलेला होता. उपचार या फरकावर ठरतात, कारण पिळलेला खंड शस्त्रक्रियेने काढावा लागतो, आणि तोही पीळ न सोडवता, नाहीतर त्यात साचलेली घातक द्रव्ये रक्तात उतरतात.

बाकी व्यवस्था मात्र यथातथाच. हातात फक्त छापील फिल्म दिल्या; शल्यचिकित्सकांना प्रतिमा सर्व बाजूंनी पाहायच्या असल्याने मूळ डायकॉम फाइल्स (स्कॅनच्या संगणकीय प्रतिमा) मागाव्या लागल्या. कॉन्ट्रास्टचे पैसे वेगळे आहेत, हे बिल आल्यावर कळले. त्याहून खटकली ती प्रतीक्षेची खोली: ऐन उन्हाळ्यात तेथे वातानुकूलन नव्हते, आणि धापणाऱ्या पगसाठी ही केवळ गैरसोय नव्हे, धोका आहे. स्कॅनसाठी मी हेच केंद्र सुचवेन. फक्त सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी आणि ऑक्सिजनची सोय बाहेरच्या खोलीतही मिळेल का, हे फोनवरच विचारावे.