तयार हेल्मेट, हाताने शिवलेले कपडे: दोन अर्ध्यांच्या कॉश्च्युम हेल्मेटचं परीक्षण

चेहरा झाकणारं, पुढे काळसर काच असलेलं, डावा-उजवा अर्धा जोडून तयार होणारं प्लास्टिकचं हेल्मेट नाटकासाठी आणि कॉस्प्लेसाठी (आवडत्या पात्राचा पोशाख करण्यासाठी) सर्रास विकत मिळतं. बऱ्याचदा सोबत पाकिटात पातळ पॉलिएस्टरचा अंगरखाही असतो. यातलं हेल्मेट घेण्यासारखं आहे, अंगरखा नाही. आणि हेल्मेट घ्यायचं तेही फक्त आकारासाठी. दोन्ही बाजूंनी हुबेहूब सारखा घुमट फोम किंवा पुठ्ठ्यातून काढायला दिवसचे दिवस जातात. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकमध्ये तो आयता मिळतो. जोड, काच, आतली गादी, पट्टा आणि रंग हे सगळं बदलायचंच आहे असं धरून चाला. हे हेल्मेट डोक्याचं रक्षण करत नाही, त्यामुळे दुचाकीवर किंवा मारामारीच्या प्रसंगात त्याच्यावर विसंबू नका.

निवडताना तीन गोष्टी पाहा. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजा आणि हेल्मेटचा आतला घेर त्याहून ६ ते ८ सेंटीमीटर जास्त आहे ना ते बघा. गादी आणि पंखे याच जागेत बसतात. खालचं तोंड आत वळलेलं असेल तर नाकापासून डोक्याच्या मागपर्यंतची लांबी त्यातून जाते का ते तपासा, नाहीतर घेर पुरेसा असूनही हेल्मेट घालता येत नाही. तिसरं म्हणजे जाडी. कडेला २ मिलिमीटरच्या आसपास जाडी असेल तर घासायला वाव राहतो. एक मिलिमीटरचं हेल्मेट पॉलिश पेपरखाली लचकतं आणि लांबी (फटी-खळगे भरायची पुट्टी) धरत नाही.

घरी आणल्यावर लगेच रंगाकडे जाऊ नका. आधी प्लास्टिक ओळखा. आत, बहुतेक मानेजवळ, बाणांच्या त्रिकोणात आकडा असतो: २ आणि ४ म्हणजे पॉलिएथिलीन, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, एबीएस हे कडक प्लास्टिक साधारणपणे ७ मध्ये येतं. आकडा सापडला नाही तर काचेची खाच मोठी करताना निघालेला तुकडा भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात पूर्ण बुडवून सोडा. वर आला तर पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. तळाशी राहिला तर पुसून त्यावर अ‍ॅसिटोनचा बोळा दहा सेकंद धरा. पृष्ठभाग चिकट होऊन बोटाचा ठसा उमटला तर एबीएस किंवा पॉलिस्टायरीन.

पुढचं सगळं काम या तपासणीवर अवलंबून आहे. एबीएस घासता येतं, चिकटतं, रंग धरतं. मिळालं तर तेच घ्या. तरंगणाऱ्या प्लास्टिकवर रंग वाळतो पण बसत नाही, नखाने सालीसारखा सुटून येतो. त्याला प्रायमरच्या (रंगाखालच्या अस्तराच्या) आधी प्लास्टिक अ‍ॅडहेशन प्रमोटरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या द्रावणाचा, पातळ हात लागतोच. मऊ, वाकणाऱ्या पीव्हीसीची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात मऊपणासाठी घातलेलं द्रव्य हळूहळू वर झिरपतं आणि नेहमीचा स्प्रे महिनोन्महिने चिकट राहतो. अशा हेल्मेटवर पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंगच वापरा. प्लास्टिक कोणतंही असो, साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर कोमट पाणी आणि साबणाने धुतल्याशिवाय घासायला घेऊ नका. आधी घासलं तर तेच तेल ओरखड्यांत जाऊन बसतं.

या वस्तूतलं सगळ्यात कच्चं काम म्हणजे जोड. कारखान्यात दोन अर्धे खुंट्यांवर दाबून कडेला थोडा गोंद लावलेला असतो. हेल्मेट दोन्ही तळव्यांत धरून कानांच्या जागी दाबा: कपाळापासून मागे जाणारी रेघ केसाएवढी उघडते आणि सोडलं की मिटते. या रेघेत बाहेरून लांबी भरणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. लांबी ठिसूळ, प्लास्टिक लवचीक; हेल्मेट दोनचारदा घातलं-काढलं की रंगावर पुन्हा तीच रेघ उमटते. म्हणून मजबुती आतून द्या. एबीएससाठी त्याच प्लास्टिकचे बारीक तुकडे झाकणाच्या काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवा, मधाइतकं दाट द्रावण होईल. ते आतल्या बाजूने जोडावर लावून त्यावर एबीएसची ३ सेंटीमीटर रुंद पट्टी दाबा. एका वेळी पातळ थरच लावा, कारण जास्त अ‍ॅसिटोन भिंत मऊ करतं आणि बाहेर खळगा पडतो. दुसरा मार्ग म्हणजे इपॉक्सी आणि ५ सेंटीमीटर रुंदीची फायबरग्लासची पट्टी, जोडाच्या दोन्हीकडे आधी ८० नंबरच्या पेपरने खरवडून. हातमोजे, मास्क आणि उघडी खिडकी हवीच. पॉलिप्रॉपिलीनवर यातलं काहीच धरत नाही. तिथे आतून पट्टी ठेवून रिव्हेट मारा आणि बाहेर जोडावरून एक उठावाची पट्टी किंवा तुरा घ्या. रेघ लपवण्यापेक्षा तिला नक्षीत घेतलेलं चांगलं दिसतं.

आतला जोड एक दिवस वाळल्यावर मग बाहेरून लांबी. मोटारीच्या पत्र्याला वापरतात ती दोन भागांची पॉलिएस्टर लांबी उत्तम, हार्डनर वजनाच्या साधारण २ टक्के. कमी पडला तर लांबी चिकट राहते. जास्त झाला तर हातात घेतलेली लांबी लावण्याआधीच घट्ट होते. रेघेच्या दोन्ही बाजूंना ३-३ सेंटीमीटर पसरवत न्या, नाहीतर घुमटावर उंचवटा दिसतो. मग १२०, २२०, ४०० या क्रमाने घासा. भरावाचा प्रायमर मारल्यावर दूरवरून काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा करा आणि ४०० नंबरने ओलं घासा. उंच जागचं काळं निघून जातं, खळग्यांत ठिपके उरतात. जिथे काळं उरलं तिथे पुन्हा लांबी. ही पायरी गाळलेलं हेल्मेट फोटोत लगेच ओळखू येतं, कारण घुमटावर पडलेली दिव्याची तिरीप जोडापाशी मोडते.

सोबत आलेली काच पातळ आणि लहरी असते, त्यातून पायऱ्या नीट दिसत नाहीत. तिच्या जागी १ मिलिमीटर जाडीची रंगीत पीईटीजी (पारदर्शक प्लास्टिकची शीट) बसवा. आधी कागदाचा साचा कापा, खाचेच्या बाहेर सगळीकडे १० मिलिमीटर कडा ठेवा आणि ३ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी ३.५ मिलिमीटरची भोकं पाडा. घट्ट भोकापासून पुढे तडा जातो. सुपरग्लू काचेजवळ नकोच, त्याची वाफ बसून कडेला पांढुरकी झाक येते. श्वासाने काच धुरकटणं टाळायचं तर ३० मिलिमीटरचे, ५ व्होल्टचे दोन पंखे हनुवटीजवळ बसवा, बाहेरची हवा घेऊन काचेवरून वर सोडणारे. पंखा आणि प्लास्टिक यांच्यामध्ये फोमचा तुकडा ठेवला नाही तर घुमटात सगळी घरघर कानात येते. आतली गादी कपाळ, दोन्ही बाजू आणि मागे अशा वेगवेगळ्या तुकड्यांत, बाजूंना १२ आणि मागे २५ मिलिमीटर जाडीची, वेल्क्रोवर. काढून धुता येते. कान मोकळे ठेवा.

आता हेल्मेट प्रायमरवरच बाजूला ठेवून द्या. रंगाचा डबा कपडे शिवून झाल्यावर उघडायचा. रंग हवा तसा मिसळता येतो, कापड जसं मिळतं तसंच घ्यावं लागतं. हेल्मेट आधी रंगवलं की त्या छटेचं कापड शोधत फिरणं आणि शेवटी "जवळपास" जमेल ते घेणं नशिबी येतं.

पाकिटातला अंगरखा रंगवून वापरावा असंही मनात येतं. पॉलिएस्टरला सुती कापडाचा साधा रंग लागत नाही. त्याला डिस्पर्स प्रकारचा रंग आणि उकळतं पाणी लागतं, आणि त्या उष्णतेत ५ मिलिमीटर माया (शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड) ठेवलेल्या कच्च्या शिवणी वेड्यावाकड्या होतात. उसवून मापाचा अंदाज घ्यायला तो बरा, त्यापलीकडे नाही.

त्याऐवजी अखंड सूट, म्हणजे वरचा भाग आणि पँट एकत्र असलेला पोशाख, शिवा. त्यासाठी २२० ते २६० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचं सुती ट्विल किंवा ड्रिल घ्या. १५० सेंटीमीटर पन्ह्याचं कापड मोठ्या माणसाला साडेतीन मीटरच्या आसपास लागतं. सगळं एकाच ताग्यातून कापून घ्या, वेगळ्या ताग्याची छटा शिवल्यावर खांद्याशी वेगळी दिसते. कापण्याआधी धुऊन, वाळवून, इस्त्री करा. न धुतलेलं सुती कापड ३ ते ५ टक्के आटू शकतं, म्हणजे दीड मीटर लांबीच्या सूटमध्ये साडेचार ते साडेसात सेंटीमीटरचा फटका.

अखंड सूटमध्ये बिघडते ती नेहमी एकच गोष्ट: हात वर केला की आसन (दोन पायांमधली शिवण) ओढलं जातं. छाती-कंबर बरोबर असूनही हे होतं, कारण धडाचं पूर्ण माप घेतलेलं नसतं. खांद्यावरून पुढे, दोन पायांमधून मागे आणि परत त्याच खांद्यापर्यंत पट्टी फिरवा आणि त्यात ६ ते ८ सेंटीमीटर सैल धरा. छातीला १२ ते १५ सेंटीमीटर सैल. काखेत ११ सेंटीमीटर चौरसाची कळी (जोडतुकडा) घातली की मुंढा (बाही जोडायची जागा) खाली न कापता हात मोकळा होतो. आधी मांजरपाटाचा कच्चा सूट धावदोऱ्याने जोडून, हेल्मेट घालूनच, वाका आणि बसा. ट्विलला ९०/१४ ची सुई आणि ३ मिलिमीटरची टीप. जिथे चार-पाच पदर एकावर एक येतात तिथे १००/१६ लावा, नाहीतर टाके चुकतात.

मान ही सगळ्यात नाजूक जागा. तयार पोशाखात तिच्याकडे कुणी लक्ष दिलेलं नसतं. हेल्मेटची खालची कड आणि कॉलर एकमेकांत अडकली की मान वळवताना हेल्मेट जागेवर राहतं आणि डोकं आत फिरतं. उभी कॉलर ३ सेंटीमीटरपेक्षा उंच नको, आणि पुढच्या बाजूला ती आणखी १ सेंटीमीटर उतरवा म्हणजे खाली बघताना हनुवटी टेकत नाही. फटीतून दिसणारी त्वचा झाकायला कॉटन-लायक्राची काळी नळी शिवा: उंची ३० सेंटीमीटर, घेर मानेच्या घेराच्या ९० टक्के, झिगझॅग टाक्याने. साधी सरळ टीप घातली तर डोक्यातून ओढताना पहिल्यांदाच तुटते. आणखी एक बारीक गोष्ट: वेल्क्रोची खरखरीत बाजू प्लास्टिकवर आणि मऊ बाजू गादीवर लावा, म्हणजे धुवायला काढलेल्या गाद्या बाकीच्या कपड्यांना ओरबाडत नाहीत. रिकामी खरखरीत बाजू मात्र प्लास्टिकवर कुठे उघडी राहू देऊ नका, या नळीचे धागे तिथेच ओढले जातात.

हेल्मेटमुळे डोकं मोठं होतं आणि खांदे बारीक दिसू लागतात. दीड सेंटीमीटरचं खांद्याचं पॅड, रजईटीप घातलेली बंडी किंवा केप यातलं काहीतरी हवंच. बंडीसाठी कापड, ६ मिलिमीटर फोम आणि अस्तर एकत्र धरून ५ सेंटीमीटर अंतराने टिपा मारा आणि मगच भाग कापा. आधी कापून नंतर टिपा मारल्या तर प्रत्येक टिपेला कापड थोडं आखडतं आणि बंडी लहान होते. केप अर्धवर्तुळाची छान पडते. कॉलरवरून घेर ४६ सेंटीमीटर असेल तर त्याला ३.१४ ने भागून आतली त्रिज्या १४.६ येते, लांबी १०० हवी असेल तर बाहेरची त्रिज्या ११४.६, म्हणजे १५० पन्ह्याचं २ मीटर ३० सेंटीमीटर कापड. शिवणीची माया यात धरलेली नाही. कापून झाल्यावर २४ तास टांगून ठेवा. उरेब (तिरका) आलेला भाग तेवढ्या वेळात लोंबतो. मग कड सारखी करून दुमडा.

आता रंग. धुतलेल्या कापडाचा १० सेंटीमीटरचा तुकडा आणि प्रायमर मारलेले प्लास्टिकचे उरलेले तुकडे शेजारी ठेवून मिश्रणं लावून बघा, उन्हात आणि कार्यक्रमात असतील त्या दिव्यांतही. उन्हात जुळलेल्या दोन छटा दिव्याखाली वेगळ्या दिसू शकतात. चकाकी असलेला रंग सुती कापडाशी कधीच जुळत नाही, म्हणून शेवटचा पारदर्शक थर मॅट घ्या. धातूसारखे भाग मात्र टेपने झाकून ठेवा, मॅटखाली चांदी करडी होते. स्प्रे २० ते २५ सेंटीमीटरवरून, तीन-चार पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. फार लांबून मारला तर थेंब हवेतच वाळून खरखरीत बसतात, फार जवळून मारला तर ओघळतात. दमट हवेत दुधाळ झाक येते, तेव्हा त्या दिवशी काम बंद.

चिन्हं हेल्मेटवर आणि बाहीवर एकाच स्टेन्सिलने उमटवा. प्लास्टिकवर स्टेन्सिलच्या कडेला आधी मूळ रंगाचाच एक हात द्या, म्हणजे खाली झिरपेल तो तोच रंग आणि वरची रेघ स्वच्छ येते. कापडावर दोन भाग अ‍ॅक्रिलिकला एक भाग फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर मऊ राहावा म्हणून मिसळायचं द्रावण), जवळजवळ कोरड्या ब्रशने ठोकत. वाळल्यावर वर सुती फडकं ठेवून इस्त्री. हेल्मेटवर झिजेच्या खुणा काढायच्या असतील तर पातळ तपकिरी-काळा रंग खाचांत घालून पुसून घ्या. त्याच पातळ रंगात स्पंज बुडवून गुडघे, कोपर आणि बाहीच्या कडांनाही लावा. मळलेल्या हेल्मेटखाली कोरा करकरीत सूट आला की दोन्ही वेगवेगळ्या माणसांचे वाटतात.