बडोद्याच्या बँडने आधी कुणाला ऐकावं: बीच बॉइज की स्प्रिंगस्टीन?

बडोद्यात मराठी रॉक लिहू पाहणाऱ्या पोरापोरींना समुद्राची गाणी कशाला ऐकवायची, असं कुणी विचारेल. पण कॅलिफोर्नियाचा बँड बीच बॉइज आणि न्यू जर्सीचा रॉक गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीन, ही दोन्ही घराणी किनाऱ्यापासून दूर वाढली. बीच बॉइजमधल्या विल्सन भावांचं हॉथॉर्न पॅसिफिकपासून काही मैल आत, आणि स्प्रिंगस्टीनचं फ्रीहोल्डही न्यू जर्सीच्या आतल्या भागात. किनारा दोघांनीही जाऊन मिळवला.

१९६१ साली सुरू झालेल्या बीच बॉइजमध्ये ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन भाऊ, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन. लाटांवर खरोखर स्वार होणारा एकटा डेनिस, सर्फिंगवर गाणं करा हेही त्यानंच सुचवलं. ब्रायनने त्या किनाऱ्याचं स्वप्न केलं. १९६३च्या ‘सर्फर गर्ल’मध्ये एकावर एक चढवलेले आवाज ऐका, वाळू आपोआप दिसते. तुमच्यात सूर धरून एकत्र गाणारे तीन-चार गळे असतील, तर इथून भरपूर शिकाल. शब्दांकडून मात्र फार अपेक्षा नको, ऊन आणि लाटा यांपलीकडे ती गाणी क्वचित जातात.

स्प्रिंगस्टीनचं अॅसबरी पार्क, न्यू जर्सीतलं समुद्रकाठचं शहर, वेगळं. जुलै १९७० मध्ये तिथे वांशिक दंगल झाली आणि आधीच उतरणीला लागलेलं ते शहर आणखी खचलं. १९७३च्या पहिल्या अल्बमला त्यानं याच गावाचं नाव दिलं, मुखपृष्ठावरही तिथलंच पोस्टकार्ड. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अल्बममधलं ‘फोर्थ ऑफ जुलै, अॅसबरी पार्क’ मला सर्वांत मोलाचं वाटतं. आतषबाजी, समुद्रकाठचा लाकडी रस्ता, भविष्य सांगणारी मॅडम मरी, सगळं नावानिशी येतं आणि गाणारा तिथून निघायच्या तयारीत आहे. गाण्याखाली त्याच्या बँडमधल्या डॅनी फेडेरिसीचा अॅकॉर्डियन चालतो. तो नसेल तर घरची पेटी काढा. दोन्हींत हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पत्त्याच (रीड) वाजतात आणि बडोद्याच्या मराठी घरांत पेटीवाला शोधावा लागत नाही.

पुढे याच गावासाठी लिहिलेलं ‘माय सिटी ऑफ रुइन्स’ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या दुःखासाठी गायलं गेलं. एका गावाचं गाणं इतकं नेमकं होतं, म्हणून दुसऱ्या शहरालाही ते पुरलं.

म्हणून माझं मत स्प्रिंगस्टीनच्या बाजूने. विश्वामित्री नदीतल्या मगरी, २०२४च्या ऑगस्टमध्ये घराघरांत शिरलेलं पुराचं पाणी, दांडिया बाजार, सूरसागर तलाव ही नावं गाण्यात आणायची हिंमत त्याच्याकडून येते. कोरसची तालीम करताना बीच बॉइज घ्या. शब्द बसत नसतील तर आधी तेच अॅसबरी पार्कचं गाणं लावा आणि त्यातल्या प्रत्येक जागेच्या नावापुढे आपल्या गावातली जागा लिहून पाहा.